साडेसदतीस किलो

प्रिय पैलवान,

पत्र बघून हसशील, किंवा हसणारही नाहीस. फोन तू उचलत नाहीस, आणि परवा उचललास तेव्हा "हां, बोला विहीणबाई" म्हणालीस, तर माझी दातखीळच बसली. तेहतीस वर्षं इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बसून अख्ख्या जगाला एकमेकांशी जोडून दिलं, आणि आता माझ्याच लाईनवर नुसती खरखर. म्हणून कागद घेतला. हे पत्र मी जिमच्या नियमाने लिहिते आहे, म्हणजे सरळ अगं-तुगं. घरी, बेकरीत, मुलांसमोर अहो-जाहो करायचं आणि जिमच्या काचेच्या दारातून आत गेलं की तू, हा नियम तूच घातला होतास. तू लॉकरची किल्ली परत दिलीस म्हणून तो रद्द झाला असं मी समजत नाही.

किल्लीचं मला सोमवारी जिममध्ये हेडबाईंकडून कळलं. तू म्हणे या रविवारी थोरल्या लेकाकडे राहायला जाणार, कायमची, आणि बेकरी पुतण्याच्या हवाली करणार. हेडबाईंनी कारण विचारलं तर तू म्हणालीस, "हातातली ताकद गेली माझ्या. भरवसा नसलेले हात घेऊन भट्टीपुढे उभं राहू नये माणसानं." हे त्या मला सांगत होत्या तेव्हा मी ट्रेडमिलवर होते. बटण दाबून उतरायचंसुद्धा सुचलं नाही, तशीच चालत राहिले. जाऊ नकोस असं म्हणायचा हक्क मला नाही, तो मी घालवून बसले आहे. पण तू ज्या कारणासाठी निघालीस त्या कारणाबद्दल एक गोष्ट मला ठाऊक आहे आणि तुला नाही. ती सांगायची आहे. मी जरा लांबून वळसा घेऊन येईन, तेवढी सवड दे. सरळ मुद्द्यावर येण्याची हिंमत असती तर दोन महिन्यांपूर्वीच आले असते.

आपली जोडी कुणी जमवली आठवतं ना? तुझ्या लेकीनं, माझ्या सूनबाईनं. डॉक्टरांनी माझा रिपोर्ट बघून हाडं ठिसूळ झाली म्हणून सांगितलं, वजनं उचला म्हणाले. मी म्हटलं, या वयात कुठे वजनं उचलू, स्वतःचं उचलते ते काय कमी आहे? पण ही बया ऐकेल तर शपथ. जिममध्ये 'एकावर एक' अशी काहीतरी योजना होती, मोज्यांच्या जोडीसारखी, तर तिनं एक मला घेतलं आणि दुसरं तुला. तुला का, तर तू नवरा गेल्यापासून बेकरी आणि झोप यापलीकडे काही करत नव्हतीस. मुलांच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा, आणि त्या दोन वर्षांत तुझं-माझं बोलणं म्हणजे 'तब्येत काय म्हणते' आणि 'बसा, घाई काय आहे' एवढंच होतं.

पहिल्या दिवशी आपण जे केलं ते आठवून मला अजूनही एकटीला हसू येतं. पायांनी वजन दाबायच्या त्या मशीनपुढे उभ्या राहून तू म्हणालीस, आधी तुम्ही. मी म्हटलं, छे छे, मुलीची आई तुम्ही, आधी तुम्ही. तू म्हणालीस, तुम्ही मुलाच्या आई, तुमचा मान. मानापानात दहा मिनिटं गेली, मागे तीन जणी खोळंबल्या. शेवटी ती शिट्टीवाली ट्रेनर तिकडून ओरडली की मान घरी ठेवून या, इथे फक्त पाठ आणि गुडघे आणायचे. त्याच दिवशी आपण तिचं नाव हेडबाई ठेवलं. आपल्याहून वीस वर्षांनी लहान, पण तिच्यासमोर अजूनही माझी वेणी नीट आहे ना असं मी चाचपून बघते.

आणि मग तो बारचा किस्सा. तू बेंचवर उताणी, नुसता रिकामा बार छातीवर, तोच तुला वर जाईना. पाठीशी मी उभी. आणि मी काय म्हणावं? "अहो विहीणबाई, थांबा हं, मी जरा हात लावू का, चालेल ना तुम्हाला?" माझं वाक्य संपेपर्यंत बार तुझ्या गळ्याशी आला होता. तू तिथूनच घुसमटत म्हणालीस, "आधी उचल, मग विचार!" तिथून आपलं तू सुरू झालं. बाहेर आल्यावर तू पुन्हा "येते हं विहीणबाई" म्हणालीस आणि मी "या" म्हटलं, आणि रस्त्यात उभ्या राहून दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

त्या दिवशी हेडबाईंनी सोबतिणीचे नियम सांगितले होते, तुला पाठ आहेत, तरी लिहिते. वेळेवर यायचं. मोजताना लबाडी करायची नाही. आपण काढलेल्या प्लेटा आपणच जागेवर ठेवायच्या. आणि दुसरी बारखाली असताना तिच्या डोक्याशी उभं राहून दोन्ही हात बारच्या खाली धरायचे, पण बारला लावायचे नाहीत. तिला खरंच जमेनासं झालं तरच लावायचे, आणि लावले तर सांगायचं. हात लागला की ते तिच्या नावावर धरायचं नाही. "न सांगता लावलेला हात म्हणजे चोरी," असं त्या म्हणाल्या होत्या. मला तेव्हा वाटलं होतं, मदतीला चोरी कसली म्हणते ही बाई?

अडीच वर्षं आपण अकराच्या वेळेला गेलो. तुझी सकाळची पावाची घाई उरकलेली असायची आणि माझ्याकडे निवृत्तीनंतर वेळच वेळ. तुझ्या मनगटाला मैदा असायचा, आणि बाकीच्या बाया बार घसरू नये म्हणून पावडर विकत आणायच्या तेव्हा तू म्हणायचीस, माझी घरची आहे. तू पैलवान का झालीस ते मी पहिल्या महिन्यातच ओळखलं. चाळीस वर्षं कणीक तिंबलेले, ट्रे ओढलेले हात ते. तुझं गेलं वर्ष पस्तिसावर, मग साडेसदतीसवर. माझं आपलं वीस, बावीस. मला कधी त्याचं वाईट वाटलं नाही. तुझा बार वर जाताना मी डोक्याशी उभी राहून "तुझंच आहे, तुझंच आहे" म्हणायचे, आणि तू लाल होऊन सगळा जोर लावायचीस, तेव्हा मला वाटायचं की मीच उचलते आहे.

आणि तू सोबतीण म्हणून कशी होतीस! माझं पहिल्यांदा साडेबावीस गेलं तो दिवस. मी उठून नाचायच्या बेतात, आणि तू तोंड पाडून म्हणालीस, "नाही धरायचं. शेवटी माझी बाही लागली बारला." बाही! सुती कापडाची बाही! मी म्हटलं, अगं बाहीनं काय वजन उचललं जातं का? तू ऐकलं नाहीस. पुढचे नऊ दिवस मी तुझ्याशी कमी बोलले, आणि दहाव्या दिवशी ते साडेबावीस खरोखर गेलं. तू दोन्ही हात वर करून दाखवलेस, जसं पोलिसांपुढे करतात, की बघ, कुणी शिवलंसुद्धा नाही. त्या दिवसाइतकी खूश मी रिटायर झाले तेव्हाही नव्हते.

मध्येच इकडच्या बातम्या सांगते, म्हणजे मला जरा श्वास घेता येईल. कोपऱ्यातला आरसा तडकला होता तो बदलला, आता त्यात आपण आणखी रुंद दिसतो. अकराच्या बायांतली ती टॉवेल विसरणारी नर्स अजूनही टॉवेल विसरते. माझा लेक आता वरण-भात स्वतः करतो, जळका करतो पण करतो. तुझी लेक मला दर शुक्रवारी फोन करते. हे तुला ठाऊक नसेल, किंवा असेल. आम्ही दोघी झाल्या प्रकाराचं नाव काढत नाही, हवापाण्याचं बोलतो, आणि शेवटी ती "काळजी घ्या आई" म्हणते. अजून आई म्हणते.

त्या दोघांचं काही वाजलं नाही, हे तुलाही आता कळलं असेल. भांडण असतं तर आपण दोघी मध्ये पडलो असतो, एकमेकींच्या पोरांचे कान धरले असते. तसं काही नव्हतंच. दोघं गुणी, पण एका घरात राहून परक्यासारखी वागायला लागली, आणि ते त्यांना आपल्याआधी कळलं. लेकानं मला सांगितलं तेव्हा तो भांडी पुसत होता. वेगळं व्हायचं ठरलंय म्हणाला. आणि म्हणाला, "आई, तिच्या आईला ती स्वतः सांगणार आहे. बेकरीत नवीन ओव्हन बसतोय, ते काम एकदा होऊ दे म्हणतेय. तोवर तू एक अक्षर बोलायचं नाहीस." मी कबूल केलं. बोर्डावर पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की ऐकलेलं कानाबाहेर जाऊ द्यायचं नाही. तेहतीस वर्षांत मी किती जणांच्या बऱ्यावाईट बातम्या त्यांच्या आधी ऐकल्या आणि नुसतं "जोडून देते" म्हटलं. मला वाटलं, हेही तसंच जमेल.

नाही जमलं. बोर्डावर समोर माणूस नसायचा गं. इथे रोज अकराला तू समोर. ओव्हनचं काम लांबत गेलं, आधी कारागीर येईना, मग दाराची मापं चुकली, आणि मी तोंडात मूग धरून तुझ्या डोक्याशी उभी. तू बेंचवर पडल्या पडल्या सांगायचीस, ओव्हन बसला की पहिला केक या दोघांच्या लग्नाच्या वाढदिवसाचा करणार. मी "मोठा श्वास घे" म्हणायचे.

मग तो चाळीसचा दिवस आला. मला तीन आठवडे ठाऊक होतं तोवर. तू दोन्ही बाजूंना एकेक छोटी प्लेट वाढवलीस, बेंचवर पडलीस आणि उलट्या डोळ्यांनी माझ्याकडे बघून म्हणालीस, "आज गेलं ना, तर घरी जाऊन दोघांना फोन करते. म्हणावं, तुमच्या आया तुमच्यापेक्षा टणक आहेत." बार खाली आला, छातीला टेकला, वर निघाला, आणि मध्यावर थरथरला. मी म्हटलं, तुझंच आहे, तुझंच आहे. आणि तो गेला. हेडबाईंनी शिट्टी वाजवली, अकराच्या सगळ्या बाया धावत आल्या, फळ्यावर तुझ्या नावापुढे चाळीस लागलं. दुसऱ्या दिवशी तू केक आणलास, त्यावर साखरेनं ठसठशीत ४०, आणि त्या नर्सबाई तुला चाळिसाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला लागल्या, तू त्या घेतल्यासही. सगळ्या खोखो हसत होत्या. माझा तुकडा घशाखाली उतरेना. तू म्हणालीस, काय गं, कोरडा झालाय का? मी म्हटलं, नाही, छान झालाय.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तो गुरुवार. मी तुला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय म्हणून सांगितलं होतं. गेले होते लेकाच्या भाड्याच्या खोलीवर, तो सामान हलवत होता, मी कपाटात कागद अंथरत होते. एक खोटं पचलं की दुसऱ्याची भीड वाटत नाही. आणि इकडे तू एकटी. हेडबाई आत ऑफिसात फोनवर. तू चाळीस लावलंस. सोबतिणीशिवाय जड वजन घ्यायचं नाही हे तुला माहीत नव्हतं असं नाही, पण चाळीस तर आता तुझंच होतं ना. फळ्यावर होतं. पंधरा दिवसांपूर्वी सगळ्यांदेखत गेलं होतं. बार खाली आला तो वर गेलाच नाही, बरगडीवर बसला. तुझा आवाज ऐकून हेडबाई धावल्या, म्हणून बरगडीला नुसती चीर गेली.

एक्स-रेच्या रांगेत तुझी लेक धावत आली. तू म्हणालीस, विहीणबाईंना कळव, पण त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे असतील. आणि घाबरलेल्या पोरीच्या तोंडून निघून गेलं की त्या त्याच्या नवीन खोलीवर आहेत. मग नवीन खोली कसली, आणि कधीपासून, आणि त्यांना कधीपासून माहीत होतं. सगळं तिथेच, त्या लाकडी बाकावर, तू छातीला हात धरून बसलेली असताना. सात आठवडे, ती म्हणाली. पाच होते. पण मी हिशेब दुरुस्त करायला गेले नाही, पाच काय न सात काय.

मी तुला भेटायला आले तेव्हा तू उशीला टेकून बसली होतीस. वाटेत मी तयारी करून आले होते, तू काय काय बोलशील आणि मी कशी ऐकून घेईन. तू चार शिव्या दिल्या असत्यास तर मी त्या ओटीत घेतल्या असत्या. तू म्हणालीस, "या विहीणबाई, बसा. चहा घेणार ना?" त्या एका 'या'नं मला अडीच वर्षं मागे, त्या मशीनपुढे नेऊन उभं केलं. मुलांबद्दल तू एक शब्द काढला नाहीस. कप माझ्या हातात दिल्यावर तू स्वतःच्या हातांकडे बघत बसलीस, आणि एकच गोष्ट विचारलीस. म्हणालीस, "चाळीस गेलं होतं ना हो माझं? तुम्हीच होता ना डोक्याशी? मग पंधरा दिवसांत हातातलं गेलं कुठे?"

आणि मी म्हटलं, "होय. गेलं होतं तुमचं."

पैलवान, मुलांचं लपवलं त्याची माफी मी मागणार नाही असं नाही, मागते आहे, मनापासून. पण ते लपवणं माझ्या एकटीचं नव्हतं, दोन पोरांना दिलेला शब्द होता आणि तू थोडी शांत झालीस की तो प्रकार समजून घेशील, कारण तूही आई आहेस. हे दुसरं मात्र माझं एकटीचं आहे. त्या दिवशी चाळीस मध्यावर थरथरलं तेव्हा तुझी नजर माझ्या नजरेत होती, आणि मला दिसत होतं की हा वर जात नाही. आणि मला एवढंच सुचलं की आता थोड्याच दिवसांत हिच्या लेकीचा संसार मोडल्याचं हिला कळणार आहे, त्याआधी हिला काहीतरी मिळू दे. निदान आजचा दिवस तरी मिळू दे. मी दोन्ही हातांची दोन-दोन बोटं बारला लावली. फार नाही, दोन-अडीच किलो उचलले असतील. आणि तोंडाने म्हणत राहिले, तुझंच आहे, तुझंच आहे. तू माझ्यासाठी बाहीसुद्धा मोजली होतीस. मी बोटं मोजली नाहीत.

माझ्या मनाशी मी त्याला काय काय नावं दिली. माया म्हटलं, आधार म्हटलं. चोरी म्हणायला दोन महिने लागले. मला वाटलं होतं, तुझ्यापासून लपवलेल्या गोष्टीची थोडी तरी भरपाई होईल. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. तू त्या खोट्या चाळिसावर विसंबून बारखाली गेलीस आणि बरगडीला चीर पाडून घेतलीस. आणि त्यानंतर, तू उशीला टेकून स्वतःच्या हातांकडे बघत विचारत होतीस, तेव्हाही मी ते परत दिलं नाही. भीती वाटली. एक तर उघडं पडलंच होतं, दुसरंही पडलं तर ही मला दारात उभं करणार नाही, एवढाच विचार केला मी. स्वतःचा. त्या दिवशी जी बाई तुझ्याकडे चहा पिऊन गेली ती सोबतीण नव्हती, हे मला जिना उतरतानाच कळलं होतं.

काल, मंगळवारी, मी अकराला गेले. सगळ्या होत्या. मी हेडबाईंना सगळ्यांसमोर सांगितलं की पैलवानच्या चाळिसाला माझी बोटं लागली होती. नर्सबाई टॉवेल शोधत असल्यासारखं करायला लागल्या. मला वाटलं हेडबाई शिट्टी वाजवून हाकलतील. त्यांनी फळ्याखालचं डस्टर उचललं आणि माझ्या हातात दिलं. नऊ-दहा अंकांमधला तुझाच नेमका लवकर पुसेना, तू जाड खडूनं तो दुसऱ्यांदा गिरवून घेतला होतास ना. त्यानंतर काल आणि आजही बायांपैकी कुणी मला डोक्याशी उभं केलं नाही. बरोबरच आहे. मी त्या पायांच्या मशीनवर एकटीच बसले आणि आधी तुम्ही म्हणायला कुणी नव्हतं.

आता हे पत्र का लिहिलं ते. तुला थांबवायला नाही. थोरल्याकडे जावंसं वाटत असेल, नातवंडांत राहावंसं वाटत असेल, लेकीचं असं झाल्यावर या गावात जीव रमत नसेल, माझं तोंड बघायचं नसेल, तर खुशाल जा, यातलं प्रत्येक कारण मला पटेल, शेवटचं तर सगळ्यात आधी. पण हात गेले म्हणून जाऊ नकोस. तुझ्या हातातलं काही गेलेलं नाही, पैलवान. पंधरा दिवसांत तुझं काही कमी झालं नव्हतं. चाळीस तुझं कधी नव्हतंच, त्या गुरुवारीही नव्हतं आणि त्याच्या आधीही नव्हतं, तू जेवढी होतीस तेवढीच होतीस. ज्या हातांचा भरवसा नाही असं तू हेडबाईंना म्हणालीस ते हात माझे आहेत, तुझे नाहीत. कागदपत्रं झाली की आपण विहिणीही उरणार नाही, तेव्हा मी तुझी कोण लागते ते तू ठरव, मी काही हट्ट धरणार नाही. किल्ली हेडबाईंनी अजून कुणाला दिलेली नाही, खणात ठेवली आहे. त्या म्हणाल्या, तू आलीस तर डोक्याशी त्या स्वतः उभ्या राहतील, मला नुसतं मोजायला ठेवायचं की तेही नाही हे तू सांगायचंस. साडेसदतीस तू गेल्या वर्षात सहा वेळा उचललंस, सहाही वेळा माझे हात बारखाली हवेत होते, हे मी माझ्या लेकाची शपथ घेऊन सांगते. फळ्यावर तुझ्या नावापुढे आता तेच लिहिलंय. त्यात माझं एक बोटसुद्धा नाही.

तुझीच, ठेवशील तर,
ऑपरेटर